एक आण्याच्या बाजूचा देव

२४ ऑक्टोबर १९३८, सोमवार. दवनीवाडा

ही वही घरच्या बाईने, म्हणजे हिने, गोंदियाहून मागवून घेतली. म्हणाली, "तुमची काळजी आयकून आयकून माहे कान दुखून राहिले. आता वहीले सांगत जा." मी चौथीपर्यंत शिकलो, तेसुद्धा मास्तर आमच्याच ओसरीत राहत होते म्हणून. पण काळजी लिहायला चौथी पुरते.

आज गायगोधन, म्हणजे दिवाळीचा पाडवा. गाई खेळवून झाल्या. तांबडी गाय शेणाचे गोधन ओलांडता ओलांडता मध्येच थांबली आणि वळून माझ्याकडे पाहू लागली. दुसऱ्या कोणाकडे नाही, माझ्याकडेच. याचा अर्थ कोणाला विचारावा कळेना, म्हणून लिहून ठेवतो.

मुख्य काळजी शामकलाची. ही माझी नात. तिचे आईबाप एकाच आठवड्यात पटकीने गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. आता सतरावे सरत आले. लग्न करायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण स्थळ नीट नको का? पहिले आले ते वैनगंगेपलीकडचे. पुरात नाव उलटली तर? दुसरे बरे होते, पण मुलाचा बाप बोलता बोलता तीनदा शिंकला. तिसऱ्यांच्या विहिरीला कठडा नव्हता. आता कामठ्याहून चौथे आले आहे. ईश्वरदास म्हणून गृहस्थ आहेत, त्यांचा मुलगा हिरालाल. आपल्याच जातीचे घर, स्वतःची धानाची बांधी, मुलगा सातवी पास. मी हो म्हणणारच होतो. देवाची कृपा, वेळेवर कळले. मुलगा डेबरा आहे, म्हणजे डावखुरा. लिहिणे, पेरणे, कुऱ्हाड चालवणे, सगळे डाव्या हाताने. त्याचा विळासुद्धा लोहाराकडून उलट्या दात्यांचा वेगळा करून घेतला आहे म्हणतात.

अशा माणसाला कापणीच्या रांगेत उभे केले तर शेजारच्याचा गुडघा राहील का? आणि शुभकार्यात डावा हात पुढे आला तर देव काय म्हणेल?

जेवताना मी हे सगळे बोललो. शामकला कढी वाढत होती. भातावर वाढायची ती तिने पाटावर वाढली. अलीकडे मुलीचे लक्ष नसते. हीसुद्धा एक काळजीच आहे.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली. दरवर्षीसारख्या दंडारी, नाचगाण्याच्या मंडळ्या, आल्या. पण यंदा सगळे लोक सिनेमाच्या तंबूकडेच पळत आहेत. नाल्याच्या काठी मोठा तंबू लावला आहे आणि बाहेर इंजिन धडधडते. छोटेलाल म्हणून गोंदियाचा माणूस तिकिटे देतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर हिंदीतून ओरडतो.

मी आयुष्यात सिनेमा पाहिला नव्हता. जायचे नाही असेच ठरवले होते, कारण इंजिन फुटले तर पळायला जागा नाही. पण ही म्हणाली, "समदा गाव जाऊन राहिला. तुमी एकटेच घरी बसून कायले कुढता?" म्हणून गेलो.

तंबूच्या मधोमध पांढरा कपडा ताणलेला. एका बाजूला दऱ्या, म्हणजे सतरंज्या, मागे खुर्च्या, त्याच्याही मागे ते यंत्र. कपड्याच्या दुसऱ्या बाजूला मोकळी जमीन, तिचे तिकीट एक आणा. बसण्याआधीच दरीवर विड्यांचा धूर इतका होता की मला खोकल्याची उबळ आली. ही म्हणाली, "चला पलीकडं. तिकडं हवा लागते." पलीकडे बायका, म्हातारे आणि दोन बकऱ्या होत्या. चित्र आमच्या बाजूनेही दिसावे म्हणून एक माणूस कपड्यावर पाणी शिंपडून गेला. मला ही व्यवस्था आवडली.

खेळ दरोडेखोराचा होता. आधी कपड्यावर पुष्कळ अक्षरे आली. एकही वाचता आले नाही. बहुधा बंगाली असावीत. शेजारी कोणाला विचारावे तर आपली चौथी उघडी पडते, म्हणून मान हलवत राहिलो.

माझे मत. दरोडेखोर कामाला चांगला, पण फार गातो. घोडा उत्तम. पण एक गोष्ट खटकली. दरोडेखोर डेबरा निघाला. मग राजा आला, त्याने डाव्या हाताने सही केली. शिपायांनी डाव्या हाताने तलवारी उपसल्या. शेवटी म्हाताऱ्या आईने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, तोही डावा! एका राज्यात इतके डेबरे कुठून आले? कंपनीला अशी माणसे स्वस्तात मिळत असतील.

घरी येऊन हे सांगितले. ही आणि शामकला एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग शामकला म्हणाली, "आबाजी, मी पाणी आनतो," आणि घागर न घेताच निघून गेली. अंगणातून तिच्या हसण्याचा आवाज आला. शेजारच्या पोरीने काही सांगितले असेल.

३० ऑक्टोबर, रविवार

आज पुन्हा गेलो. दरीवर बसावे म्हणत होतो, तर ही म्हणाली, "दरीत ढेकूण हायत." म्हणून पलीकडे बसलो. हिला हे कसे कळले ते माहीत नाही. आम्ही दरीवर कधी बसलोच नव्हतो.

आजचा खेळ शहरातल्या लोकांचा. वकिलाची मुलगी एका गरीब मास्तरावर प्रेम करते. वकील चिडतो, पेटी वाजवतो, पुन्हा चिडतो. मला वकील आवडला. मुलीच्या भल्यासाठी बोलत होता, पण ऐकत कोणी नव्हते. मास्तर आवडला नाही. तोही डेबरा, आणि मास्तर असून लिहितो डाव्या हाताने, तेही उलटीकडून. अशा शाळेत मुले काय शिकतील?

मुख्य आक्षेप लग्नावर. शेवटी दोघांचे लग्न झाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण फेरे उलटे घेतले! मी स्वतः पाहिले. अग्नी ज्या बाजूला पाहिजे त्या बाजूला नव्हताच. उलटे फेरे कुठे घेतात हे काय सांगायला पाहिजे? भटजी समोर उभा राहून बघत होता आणि तोंडातून शब्द काढत नव्हता. मी हिला म्हणालो, "हे लग्न लागलंच नाई."

"कोनाचं?"

"त्या मास्तराचं. फेरे उलटे हायत. उद्या लेकरूबाळ झालं तर लोक काय म्हनतील?"

ही म्हणाली, "त्यायचे मायबाप पाहून घेतील. तुमी झोपा."

पण झोप आली नाही. त्या वकिलाच्या मुलीने इतके सोसले आणि एका भटजीच्या हयगयीने सगळे वाया गेले.

१ नोव्हेंबर, मंगळवार

ईश्वरदास स्वतः कामठ्याहून आले. माणूस बोलका, सिनेमाचा भारी शौकीन. गोंदियाला नवीन खेळ लागला की बैल जुंपून निघतो म्हणे. मी पाणी दिले, पान दिले, मग विषय काढला.

"मुलगा डेबरा आहे असं ऐकलं."

"हाय," ते म्हणाले. "लहानपनी हात बांधून पाहिला. मारून पाहिलं. शेवटी मीच रडलो. आता जे हाय ते हाय, उदारामभाऊ. कामाले मात्र दोन मानसांचा."

असा खरे बोलणारा माणूस मला अडचणीचा वाटतो. खोटे बोलला असता तर नाही म्हणायला सोपे झाले असते. मी म्हणालो, "विचार करून कळवतो." त्यांचा चेहरा पडला. उठता उठता म्हणाले, "या पंधरवड्यात कळवा. आमगावकडच्या एका घरचं बोलावनं आलं हाय. मले इथलीच पोरगी पाहिजे, पन किती दिवस वाट पाहू?"

ते गेल्यावर शामकलाने पानाचा डबा आत नेला आणि दार लावून घेतले. रात्रीचे जेवण नको म्हणाली. पोट बिघडले असेल. मंडईत भजी फार खाल्ली तिने.

३ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे पाहिले ते आधी लिहितो, मग जेवतो.

ही आपणहून म्हणाली, "आज देवाचा खेळ हाय. चला, अन् लवकर चला, आपल्या जागी बसू." शामकलाही आली. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच तिने केस नीट विंचरले होते.

गोष्ट एका गरीब गवळ्याची. त्याच्या घरी देव पाहुणा म्हणून येतो, पण ओळख देत नाही. अंगावर साधी घोंगडी, पायात काही नाही. गवळ्याकडे आंबील आणि कांद्याशिवाय काही नसते. तेच तो पुढे ठेवतो. देव मांडी घालून बसतो, ताटाकडे पाहतो, हसतो आणि जेवू लागतो.

डाव्या हाताने!

मी डोळे चोळले. पुन्हा पाहिले. देव डाव्या हाताने आंबील खात होता आणि गवळी हात जोडून रडत होता. नंतर देवाने खरे रूप दाखवले, तेव्हा आशीर्वादसुद्धा डाव्याच हाताने दिला. शेजारच्या म्हाताऱ्यांनी डोके टेकले. मीही टेकले.

माझे मत. इतका चांगला खेळ मी आजवर पाहिला नव्हता. देवाचे काम करणारा माणूस तालेवार घरचा वाटतो, जेवताना तोंडाचा आवाज होत नव्हता.

घरी येताना मी म्हणालो, "देव जर डेबरा असंल, तर आपन कोन बोलनारे?"

"तेच तं," ही म्हणाली. शामकला पुढे चालत होती. तिची चाल एकदम बदलली. पोट बरे झाले असावे.

५ नोव्हेंबर, शनिवार

ईश्वरदासांना होकार कळवणार होतो. शाळेतल्या जागेश्वर मास्तरांकडून चिठ्ठी लिहून घेणार, एवढ्यात आमगावहून बाई आली. बाई म्हणजे माझी मोठी बहीण, अनुसयाबाई. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. आमची आई लवकर गेली, तेव्हा तिनेच मला वाढवले. तिच्या होकाराशिवाय आमच्या घरी पापडसुद्धा वाळत नाही.

बैलगाडीतून उतरता उतरताच म्हणाली, "उदा, तू पोरीले डेबऱ्याच्या गळ्यात बांधतस म्हनून आयकलं. डोस्कं फिरलं का तुहं?"

मी देवाची हकिकत सांगितली. ती ऐकत होती की नाही कळेना, कारण पूर्ण वेळ सुपारी फोडत होती. शेवटी म्हणाली, "देव डाव्या हातानं जेवते? कोन्या पोथीत हाय?"

"पोथीत नाई बाई, तंबूत हाय. सोमवारी पुन्हा तोच खेळ हाय. तू आपल्या डोऱ्यानं पाय."

"पाहीन," ती म्हणाली. "पन खोटं निघालं तं हे लगन होऊ देनार नाई. सांगून ठेवतो."

शामकला दाराआड उभी होती. मी म्हणालो, "घाबरू नको, मी स्वतः पाहिलं आहे." तर ती जास्तच घाबरलेली दिसली. आणि ही मला एकटे गाठून म्हणाली, "वन्सले आपल्याच बाजूले बसवा. आयकलं का? आपल्याच बाजूले." इतकी बारीक काळजी हिला कधीपासून वाटू लागली? माझा रोग हिला लागला असावा.

७ नोव्हेंबर, सोमवार

आजचा दिवस कसा लिहावा समजत नाही. जसे झाले तसे लिहितो.

बाई तंबूपाशी आली आणि पलीकडची मोकळी जमीन पाहून थांबली. म्हणाली, "मी भुईवर बसू? बकऱ्याइच्या बाजूले?" ही म्हणाली, "तिकडं हवा लागते, वन्स." बाई म्हणाली, "हवा मले आमगावले फुकट लागते." आणि सरळ जाऊन खुर्चीत बसली. मलाही बाजूच्या खुर्चीत बसवले. ही आणि शामकला नेहमीच्या जागी गेल्या. जाताना दोघींचे चेहरे असे होते की जणू कोणी वारले.

खुर्चीत आयुष्यात पहिल्यांदा बसलो सिनेमाला. पाठ टेकायची की नाही कळेना. अक्षरे आली. आश्चर्य म्हणजे आज ती वाचता आली! मराठी नव्हती, हिंदी होती, पण वाचता आली. मला वाटले, दोनचार खेळ पाहून माझे शिक्षण वाढले.

गवळी आला. देव आला. आंबील आली. मी बाईला कोपराने डिवचले. "पाय आता, नीट पाय."

देवाने उजवा हात पुढे केला.

मी पाहतच राहिलो. देव उजव्या हाताने जेवत होता. शांतपणे, जणू काही झालेच नाही.

बाई म्हणाली, "उदा. डोरे गेले का रे तुहे?"

"बाई, परवा डावा होता. देवाशपथ डावा होता."

"मंग हात बदलला का त्यानं? तुह्या बहिनीले पाहून?"

मला राहवेना. उठलो आणि पलीकडे धावलो. धावताना यंत्राच्या उजेडात आलो असेन, कारण लोक ओरडू लागले, "अबे, देवाच्या ताटात पागोटं पडलं!" "काढा त्याले, उष्टं होऊन राहिलं!" तंबूच्या दोरीला अडखळलो, बकरीवर पडता पडता वाचलो आणि एक आण्याच्या बाजूला पोहोचलो. पाहतो तर देव डाव्या हाताने जेवत होता! तेच ताट, तोच कांदा, हात डावा.

पुन्हा धावत पुढे आलो. उजवा. पुन्हा मागे गेलो. डावा. तिसऱ्या फेरीत छोटेलालने बाहीला धरले. "अरे बाबा, तमाशा देखने आए हो कि दिखाने? बैठो चुपचाप!"

मी म्हणालो, "मुझे पहले बताओ, देव डेबरा है कि नहीं?"

त्याने कपाळावर हात मारून घेतला. म्हणाला, कपडा एकच आहे, पुढून सुलटे दिसते, मागून उलटे.

"तो सच्चा कौन सा?"

"आगेवाला."

"मतलब एक आनेवालों को तुम झूठा देव दिखाते हो?"

मागच्या बाजूच्या म्हाताऱ्या माणसांनी हे ऐकले. हिरालाल नावाचा माणूस गावात नसूनसुद्धा निम्मी बाजू त्याच्या वतीने भांडायला उठली. "आमचा देव खोटा का? पैसे नाई देले का आमी?" छोटेलालला शेवटी सगळ्यांसमोर सांगावे लागले, "दोनों तरफ असली है भाई, दोनों तरफ असली!" मग लोक बसले.

एवढ्यात बाई स्वतः उठून पलीकडे आली. पदर डोक्यावर घट्ट ओढून कमरेवर हात ठेवून कपड्यापुढे उभी राहिली. बराच वेळ पाहिले. मग जमिनीवर बसली, बकरीला बाजूला सारून. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला तर म्हणाली, "चूप बस. देव जेवून राहिला."

शामकला हाताची बोटे एकमेकांत अडकवून बसली होती. ती कपड्याकडे पाहत नव्हती, बाईकडे पाहत होती.

८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी बाईने सगळ्यांना ओसरीत बसवले. आधी सुपारी फोडली. मग विचारले, "तो पोरगा जेवते कोन्या हातानं?"

मला माहीत नव्हते. पंधरा दिवस डोक्याला मुंग्या आल्या होत्या, पण हे विचारायचे राहूनच गेले होते.

ही म्हणाली, "उजव्यानं. कामाले डेबरा हाय, जेवाले उजवा. आरती बी उजव्यानंच करते."

"तुले कसं माहीत?" मी म्हणालो.

"पुसलं." मग शामकलाकडे न पाहता म्हणाली, "कोनी पुसून सांगतलं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं तं तुमी पाचवं काई काढलं असतं."

बाई हसली नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "नदी, शिंक, विहीर, अन् आता हात. उदा, डेबरा कोनीच नाई. तुले पोरगी देयाचीच नाई. तिले म्हातारी होईपर्यंत घरी बसवून कढी वाढाले लावाची हाय का?"

मी चिडलो. मी म्हणालो की मी फक्त काळजी घेतो. घरात काळजी घेणारा एक माणूस असावा लागतो. आणि कामठ्याच्या तळ्याचे पाणी कसे आहे, हे अजून कोणी पाहिलेले नाही.

शामकलाने माझा पेला उचलला, पाणी भरून आणले आणि समोर ठेवले. पाणी आमच्याच विहिरीचे होते. मी ते तसेच ठेवले.

१० नोव्हेंबर, गुरुवार

हलका, लवकर पिकणारा धान कापायला आला आहे. कोणालाही न सांगता पहाटे दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून कामठ्याला गेलो. तळे पाहायला. तळे चांगले आहे, मासे आहेत, काठावर गाळ नाही. खोट काढावी असे काही सापडले नाही.

परत निघालो तर बाजूच्या बांधीत कापणी चालली होती. दहाबारा माणसे रांगेत. शेवटच्या टोकाला, सगळ्यांपासून चार हात सोडून एक मुलगा डाव्या हाताने कापत होता. रांगेच्या टोकाला असल्यामुळे त्याचा हात कोणाला लागत नव्हता आणि बाकीच्यांपेक्षा तो बराच पुढे गेला होता. मला पाहून विळा खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि पाया पडला. तो हिरालाल.

मी आधी विळ्याचे दाते पाहिले. शेवटी विचारले, "सिनेमा पाहतोस का?"

"एकदा पाहिला जी, तुमच्या मंडईत. पहिल्याच दिवशी."

"पुढून?"

"नाई. मागून." थोडा लाजला. "मागून बरं वाटलं, आबाजी. समदे माह्यावानीच होते. राजा, शिपाई, समदे. असं गाव कुठं असंल तं मी जाऊन राहीन, असं वाटलं."

मी त्याला सांगू शकलो असतो की पुढून सगळे उलटे असते. म्हणजे सुलटे असते. सांगितले नाही. उगीच का सांगावे? तो मला बांधीच्या धुऱ्यावरून दमणीपर्यंत सोडायला आला आणि बैलाचे जू नीट केले, डाव्या हाताने. बैलाची काही तक्रार दिसली नाही.

वाटेत दोनदा मागे वळून पाहिले. तो पुन्हा टोकाला जाऊन कापायला लागला होता.

१३ नोव्हेंबर, रविवार

तंबूचा आज शेवटचा दिवस. उद्या बैलगाड्यांवर लादून तिरोड्याकडे जाणार म्हणतात. छोटेलाल मला पाहून म्हणाला, "बाबा, आज दौड़ना मत." मी त्याला काही बोललो नाही. तोही पोटासाठीच हिंडतो.

ईश्वरदास कामठ्याहून आले होते, पंधरवडा सरण्याआधी उत्तर न्यायला. बाई आमगावला परत गेली नव्हती. आज सगळे पुढे बसलो, दरीवर. ढेकूण एकही नव्हता.

खेळ विनोदी होता. दोन भावांच्या घरी एकच नोकर आणि दोघांनाही तो आपलाच वाटतो, असे काहीतरी होते. पहिल्या भागात मी कपड्याकडे फार पाहिले नाही. शामकला कुठे हसते ते पाहत होतो. ती लहान असताना हसली की आधी खांदे हलायचे, मग आवाज यायचा. अजून तसेच आहे. नोकर पिठात पडला तेव्हा हसली. भावाची मिशी निघाली तेव्हा हसली. एकदा तर इतकी हसली की बाईच्या अंगावर कोसळली आणि बाईने तिला ढकलून दिले, "गधडी!" म्हणून. सात वेळा हसली. मी मोजले.

माघात लग्न झाले की ती इथे नसेल. इतके साधे आहे ते. नदीचा, शिंकेचा, विहिरीचा त्यात काही संबंध नाही.

मध्ये रीळ बदलायला थांबले आणि गॅसबत्ती लावली. मी उठलो, धोतर झटकले आणि चार लोकांसमोर ईश्वरदासांना म्हणालो, "माघात मुहूर्त काढा. आमच्याकडून हो आहे." आवाज जरा मोठाच निघाला. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "उदारामभाऊ!" म्हणाले. त्यांना आमगावच्या लोकांना आता काय कळवायचे याची काळजी पडलेली दिसत होती, पण ती त्यांची काळजी आहे, माझी नाही. बाईने सुपारीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. शामकलाच्या आजीने तोंड फिरवून घेतले.

बत्ती विझली. दुसऱ्या भागात लोक पहिल्यापेक्षा जास्त हसले. तंबू डोक्यावर घेतला. शामकला एकदाही हसली नाही. म्हणून मी तिच्याकडे वळून पाहिले, तर ती कपड्याकडे पाहतच नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणालो, "समोर पाय. खेळ चालू आहे."

"हो आबाजी," म्हणाली, आणि पाहत राहिली.

आम्ही दोघांनीही तो उरलेला खेळ पाहिलेला नाही. त्यामुळे त्याबद्दल माझे काही मत नाही.